कॅमेरा क्लबला पाहुणे वक्ते: बाहेरून बोलवायचे की सोलापुरातच शोधायचे?

अनघा_जुळेसोलापूर
रविवार, रात्री ९:४०

मंडळी, यंदा आपल्या कॅमेरा क्लबच्या कार्यक्रमांचं काम माझ्याकडे आलंय, म्हणून हा धागा काढतेय. मोकळेपणाने लिहा.

आपण दर महिन्याला एक पाहुणा वक्ता बोलावतो. मागच्या वेळी पुण्याहून आलेल्या सरांचं काम खरंच मोठं आहे आणि माणूसही साधा, तळमळीनं बोलले. दोन तास लडाख, स्पिती, आइसलँड. डोळे निवले अगदी. टाळ्या झाल्या, सत्कार झाला, चादर आणि शेंगाचटणी दिली, सर रात्रीच्या गाडीने परत गेले. पुढच्या मीटिंगला मी विचारलं की त्या व्याख्यानानंतर कोणी काय वेगळं करून बघितलं, तर सगळे गप्प. एक जण म्हणाला, मॅडम, एनडी फिल्टर घेतला की, वाहतं पाणी दुधासारखं दिसायला लावतात ती काळी काच, पण आता धबधबा कुठून आणू?

येण्याजाण्याचा खर्च, राहायची सोय, मानधन हे सगळं सभासदांच्या वर्गणीतून जातं. कॉलेजची पोरं खिशातून वर्गणी भरतात, त्यामुळे मला ते मनाला लागतं. मला वाटतं वक्ता येऊन गेल्यावर आपल्या फोटोत काहीतरी दिसलं पाहिजे, नाहीतर ती नुसती करमणूक. तुम्हाला आजवर कोणाच्या बोलण्याचा खरा उपयोग झाला? नाव नका सांगू, त्यांनी नेमकं काय केलं ते सांगा.

शटर_सुलतान
रविवार, रात्री १०:०५

धागा चांगला आहे पण सूर पटला नाही. करमणूक कशी काय? चांगलं काम मोठ्या पडद्यावर बघणं हेच शिक्षण आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली, म्हणजे कॅमेऱ्याची कला जगाला कळून जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. तेव्हापासून लोक एकत्र जमून एकमेकांचं काम बघतायत, त्यावर बोलतायत. पुढे १९३७ ला फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया निघाली, तिथेही तेच. क्लब म्हणजे दुसरं काय असतं?

आपण आपल्यातच बसलो तर तोच सिद्धेश्वर तलावाचा सूर्यास्त, तोच भुईकोट किल्ल्याचा बुरूज आणि त्यालाच शंभर लाईक. बाहेरचा माणूस येतो तेव्हा कळतं आपण कुठे उभे आहोत. सलोनला, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनाला, फोटो पाठवायचे असतील तर परीक्षक काय बघतात हे परीक्षकाच्याच तोंडून ऐकायला पाहिजे. त्यामुळे बाहेरचे वक्ते बंद करायला माझा ठाम विरोध.

पूर्वभागकर
रविवार, रात्री १०:११

मालक, लडाख बगायला यूट्यूब हाय की ओ. फुकटात.

शटर_सुलतान
रविवार, रात्री १०:१४

@पूर्वभागकर, यूट्यूबला प्रश्न विचारता येतो का पण?

पूर्वभागकर
रविवार, रात्री १०:१५

परवा तरी कोन विचारला? सगळ्यांनी मिळून एकच विचारलं, सर कॅमेरा कोणता वापरता.

कडक_भाकरी
रविवार, रात्री १०:२०

हसून हसून पुरेवाट. आणि सरांनी मॉडेल सांगितल्यावर मागच्या तीन रांगा तिथल्या तिथे मोबाईलवर किंमत बघत होत्या.

निगेटिव्ह_काका
सोमवार, सकाळी ६:५०

अनघाताई, तुमचा प्रश्न आवडला. माझं आयुष्य स्टुडिओत गेलं, तेव्हा या विषयावर जरा सविस्तर लिहितो, मुलांनी कंटाळू नये.

फार पूर्वी, रोलचा जमाना होता तेव्हा, एक वयस्कर गृहस्थ आमच्याकडे बोलायला आले होते. त्यांनी स्लाइड वगैरे काही आणल्या नाहीत. पिशवीतून कॉन्टॅक्ट शीट काढल्या आणि सगळ्यांच्या हातात दिल्या, सोबत एक भिंग. कॉन्टॅक्ट शीट म्हणजे पूर्ण रोलच्या पट्ट्या एकाच कागदावर निगेटिव्हच्याच आकारात छापलेल्या. छत्तीस फ्रेम एकापाठोपाठ. त्यातल्या एकाच फ्रेमला लाल पेन्सिलीने चौकोन केलेला. ते म्हणाले, हीच का निवडली ते तुम्ही मला सांगा. आम्ही तासभर भांडलो त्यावर. आधीच्या फ्रेममध्ये बाईचा हात अर्धा कापलेला, नंतरच्या फ्रेममध्ये मागून सायकलवाला आलाय, मधल्या एकीत सगळं बरोबर आहे पण चेहऱ्यावर भाव नाही. माणूस विषयाभोवती कसा फिरला, कधी खाली बसला, कधी जवळ गेला, हे सगळं त्या कागदावर वाचता येत होतं. निवडलेला एकटा फोटो बघून यातलं काहीही कळलं नसतं.

मग संध्याकाळी त्यांनी डार्करूममध्ये एकाच निगेटिव्हच्या तीन प्रिंट काढून दाखवल्या. पहिली सरळ. दुसरीत आकाशाला जास्त उजेड दिला, बाकीचा भाग हाताने झाकून, म्हणजे आकाश गडद झालं. तिसरीत चेहऱ्यावरचा उजेड थोडा अडवला, चेहरा उजळला. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागद हलवत होते आणि बोलत होते, घाई नाही, गडबड नाही. आज तुम्ही कॉम्प्युटरवर माऊसने करता ते हेच आहे, फक्त तेव्हा हात भाजल्यासारखे व्हायचे हायपोने, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाने.

तेव्हा माझं म्हणणं असं की वक्ता पुण्याचा की सोलापूरचा हा प्रश्नच नाही. त्याला आधी कळवा की तुमचे उत्तम वीस फोटो नकोत, एका फोटोच्या आधीचे आणि नंतरचे वीस आणा. जो आणेल त्याला बोलवा. अगदी टॅक्सी करून आणा.

अनघा_जुळेसोलापूर
सोमवार, सकाळी ८:०२

काका, हे वाचून अंगावर काटा आला. पुढच्या प्रत्येक वक्त्याला पाठवायच्या पत्रात हा मुद्दा पहिला टाकते.

सातरस्ता
सोमवार, सकाळी ९:३०

काकांना +१. त्यात एक भर घालतो: डिजिटलमध्ये हे अजून सोपं आहे, मेमरी कार्डातल्या सगळ्या फाईली क्रमाने दाखवायच्या, एकही न काढता. पण बरेच मोठे लोक तयार होत नाहीत. मी एकांना विचारलं होतं, ते म्हणाले तो माझा खासगी भाग आहे. त्यांच्याही बाजूने विचार केला तर कळतं, पण मग आम्ही शिकायचं कुठून?

माळरान_मुसाफिर
सोमवार, दुपारी १:१५

मी फोटोग्राफरपेक्षा पक्षीवाला जास्त, म्हणून वेगळं मत मांडतो.

मला ज्याच्यामुळे चांगले फोटो मिळायला लागले त्या माणसाकडे कॅमेराच नाही. नान्नजच्या, म्हणजे माळढोक अभयारण्याच्या, बाजूचा आहे, माळावर शेळ्या चारत मोठा झालेला. कुठल्या गवतात काळवीट दुपारचं बसतं, लांडगा ओढ्याच्या कुठल्या काठाने येतो, धाविक पक्षी उडायच्या आधी कसा धावतो थांबतो धावतो थांबतो, हे त्याला तोंडपाठ. हॅरियर हे शिकारी पक्षी हिवाळ्यात येतात आणि संध्याकाळी गवतात जमिनीवर मुक्कामाला उतरतात हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कुठे गाडी थांबवली तर ते बुजत नाहीत हे त्यानेच सांगितलं. अशा माणसाला क्लबमध्ये बोलवा, खुर्चीवर बसवा, सत्कार करा आणि त्याला बोलू द्या. आपण कॅमेऱ्याचे तज्ज्ञ बोलावतो, विषयाचे तज्ज्ञ कधीच बोलावत नाही. माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे.

माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, पुढे ते १२२२ वर आलं. माळढोक तर आता दिसलाच तर नशीब. मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते तेही उघड्या जमिनीवर, त्यामुळे एक माणूस चुकीच्या जागी चालत गेला तर त्या वर्षाची वीण गेली. म्हणून पक्ष्यांवर बोलायला कोणीही आलं तरी पहिली पंधरा मिनिटं लेन्सवर नाही, वागण्यावर गेली पाहिजेत. घरट्याचे फोटो नाहीत, मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही, गाडी पायवाट सोडून गवतात घालायची नाही, आणि दुर्मिळ पक्ष्याचा फोटो टाकताना फाईलमधलं लोकेशन काढून टाकायचं. १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, पण कायद्याच्या धाकाने नको, जीव लावून करा.

आणि नान्नजला जायचंच असं नाही. हिप्परग्याच्या तलावावर थंडीत पट्टकादंब हंस येतात, हिमालय ओलांडून. शहरापासून किती लांब आहे ते? सकाळी चहाच्या आत जाऊन येता येतं.

शटर_सुलतान
सोमवार, दुपारी २:००

@माळरान_मुसाफिर विषयाचे तज्ज्ञ हा मुद्दा मान्य. पण शेळ्या चारणाऱ्या माणसाला माईकसमोर उभं केलं की तो दोन वाक्यं बोलून बसतो हो. सभागृहात बोलणं हीसुद्धा कला आहे.

माळरान_मुसाफिर
सोमवार, दुपारी २:०९

म्हणून माईकसमोर उभं नाही करायचं. कोणीतरी शेजारी बसून गप्पा मारायच्या, पडद्यावर सभासदांचे फोटो लावायचे आणि विचारायचं, मामा हा पक्षी इथे काय करतोय? मग बघा कसा सुटतो. माझा काळविटाचा एक फोटो बघून तो लगेच म्हणाला, हे घाबरलेलं जनावर हाय, तुम्ही लई जवळ गेलता.

कडक_भाकरी
सोमवार, दुपारी २:३०

परीक्षण असावं तर असं.

लूमवाला_पोरगा
सोमवार, रात्री १०:४५

सगळ्यांचं वाचलो. माळरान दादानं जे सांगितलं तेच मला म्हणायचं होतं, फक्त आमच्या शेडबद्दल. आमचा टॉवेल-चादरीचा कारखाना हाय, छोटा, पप्पा आन् काका बगतात. वर्षातनं चार-पाच वेळा तरी कोन ना कोन कॅमेरा घेऊन येतंय, फोटो काढायचाय म्हनतंय. पप्पा नाय म्हणत नायत. पण येनारा मानूस दारातनं आत आला की वर बगतो, खिडकीतनं उन्हाची तिरीप येलालीय, त्यात कापसाचं तूस उडायलंय, तेवढंच काढतो आन् जातो. सगळ्यांचा फोटो सेम.

लूम कशी चालते कुनालाच म्हाईत नसतंय. उभा ताणा बीमवरनं येतो, आडवा बाणा धोट्यातनं जातो, धोट्यात कांडी असते, ती संपली की लूम थांबते आन् कामगार तेवढ्यात हात घालून बदलतो. तो जो क्षण हाय ना, हात आत जातो तो, तिथं खरा फोटो हाय. वर जेकार्ड, त्यात पंचकार्डाची माळ फिरती, त्या भोकांवरनं ठरतं चादरीवर मोर येनार का फूल. हे पप्पांनी नुसतं अर्धा तास सांगितलं तर येनाऱ्याला कळंल कुठं उभं राहायचं, कशाची वाट बगायची. कारागिराला पाव्हना वक्ता करा की. पप्पांना मी विचारलो, ते हसले पन नाय म्हनले नायत.

आता टेक्निकल. आमच्याकडं अजून ट्यूबलाईट हायत आन् काही एलईडी. लोकं म्हनतात फोटोत काळे पट्टे येलालेत, कॅमेरा खराब झाला काय. कॅमेऱ्याला काय नाय झालं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूबचा उजेड सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, पट्टे जातात. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असंल तर ते बंद करा, त्यानंच जास्त पट्टे येतात. एलईडीचं सांगता येत नाय, एकेका ड्रायव्हरचं वेगळं असतंय, काढून बगायचं. धोटा पुसट पायजे असंल तर १/१५ ला जावा पन कॅमेरा कशाला तरी टेकवा, जमीन हादरती. आन् सगळ्यात महत्त्वाचं, शेडमधी लेन्स बदलू नका. तूस सेन्सरवर बसलं की एफ/१६ ला, म्हंजे लेन्सचं छिद्र बारीक केलं की, आकाशात ठिपकेच ठिपके.

रंगीत_पट
सोमवार, रात्री ११:१०

बाबा रे, हे तुझं लिहिणं म्हणजेच व्याख्यान झालं. मीटिंगला छापून वाटा कोणीतरी.

स्वाती_अशोकचौक
मंगळवार, सकाळी ७:२०

लूमवाल्या भावाचं पटलंच, पण मला एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. आमच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळतात. माझी अत्ता, म्हणजे आत्या, वळते, आजी वळायची. फोटोवाले गल्लीत येतात, उंबऱ्यात बसलेल्या बाईच्या मांडीवरच्या सुपाचा, बोटांचा फोटो काढतात, विचारत नाहीत, नाव विचारणं तर लांबच. मग तोच फोटो कुठल्यातरी स्पर्धेत ‘कष्ट’ नावाने लागतो. अत्ताला ते मुळीच आवडत नाही. ती म्हणते, मी केस विंचरले नव्हते, निदान सांगायचं तरी होतं.

सगळेच असे नसतात. एक जण आला होता तो आधी कॅमेरा न काढता बसला, पानं कशी भिजवतात, कशी कातरतात, दिवसाला किती वळून झाल्या की मजुरी किती, सगळं विचारलं. बऱ्याच दिवसांनी परत आला तो प्रिंट घेऊन. अत्ताने तो फोटो देवाजवळ लावलाय. अशा माणसाला बोलवा. लोकांकडे कसं जायचं, परवानगी कशी मागायची, नाही म्हटल्यावर हसत परत कसं फिरायचं, यावर कधी कोणी व्याख्यान ठेवलंय का? मुंबईच्या सफाई कामगारांवर सुधारक ओलवे यांनी वर्षानुवर्षं काम केलं, त्यांना २०१६ ला पद्मश्री मिळाली. ते काम बघितलं की कळतं की तिथे माणसाशी आधी ओळख झालीय, फोटो नंतर आलाय.

आणि अजून एक. आपल्या वक्त्यांची यादी आठवून बघा, एक तरी बाई आहे का त्यात? होमाई व्यारावाला यांच्यापासून आपल्या देशात बायका बातमीचे फोटो काढतायत, त्यांना २०११ ला पद्मविभूषण दिलं सरकारने. आपल्याला अजून एक बाई सापडत नाही?

अनघा_जुळेसोलापूर
मंगळवार, सकाळी ८:१५

स्वाती, दोन्ही मुद्दे लिहून घेतले. यादीत बाई नाही हे खरं आहे आणि ते बदलायचंच आहे. वेळेचंही तेच, संध्याकाळी साडेसातला सुरू करून दहाला सोडलं तर किती जणी येणार? मी यंदा रविवारी सकाळची वेळ ठेवायचा आग्रह धरणार आहे.

लग्नसराई
मंगळवार, दुपारी ४:४०

नमस्कार, मी व्यावसायिक आहे, लग्नाची कामं करतो. क्लबमध्ये आम्हाला जरा कमी समजतात, कलाकार वेगळे आणि आम्ही वेगळे असं. पण मंगल कार्यालयात जे शिकायला मिळतं ते कुठेच नाही. एकीकडे एलईडीचा जांभळा उजेड, एकीकडे व्हिडिओवाल्याचा पांढरा लाईट, वरून पिवळी माळ, आणि मध्ये हळद लागलेली नवरी. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ऑटोवर ठेवला की कॅमेरा हळदीचा पिवळा कमी करायला जातो आणि चेहरा निळसर होतो. अक्षता हवेत थांबवायच्या तर शटर १/५०० च्या वर पाहिजे नाहीतर फ्लॅश. आणि हे सगळं दुसरी संधी नसताना. मंगलाष्टक परत म्हणा असं सांगता येत नाही.

मी बोलायला तयार आहे, मानधन नको. अट एवढीच की मी बोलताना बाकीचे लग्नवाले पण येऊ द्या. करिझ्मा अल्बमचं डिझाईन, ग्राहकाशी करार, आगाऊ रक्कम, मुलांना यातून रोजगार कसा होईल यावर पण बोलू. कॉलेजची पोरं क्लबमध्ये येतात त्यांना पोटापाण्याचंही कळलं पाहिजे.

पूर्वभागकर
मंगळवार, दुपारी ४:५८

ह्यांना बोलवाच. माझ्या भावाच्या लग्नात अंतरपाट काढला तो क्षणच सुटला फोटोवाल्याकडनं. वहिनी अजून बोलती.

रंगीत_पट
मंगळवार, रात्री ९:००

एका कंटाळवाण्या पण फार गरजेच्या गोष्टीवर लिहितो. प्रोजेक्टर.

वक्ता कितीही मोठा असू दे, त्याचे फोटो आपल्याकडे धुवून काढल्यासारखे फिके दिसतात. हॉलच्या खिडक्यांना पडदे नाहीत, समोरचा ट्यूबलाईट चालूच, प्रोजेक्टर सादरीकरणाच्या भडक मोडवर. मग काळा रंग काळा दिसतच नाही, सावलीतलं सगळं काम वाया. वक्त्याला आधी कळवायचं: फाईली एसआरजीबीमध्ये, म्हणजे पडद्यांच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, आणा, आडवा फोटो १९२० पिक्सेल, उभा असेल तर उंची १०८०. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या पट्ट्यांची एक टेस्ट स्लाइड मी बनवून देतो, कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास लावून बघू, शेवटच्या दोन काळ्या पट्ट्या वेगळ्या दिसेपर्यंत सेटिंग करायचं. खिडक्यांना काळं कापड लावायला मी येतो, शिडी कोणीतरी आणा.

सातरस्ता
मंगळवार, रात्री ९:२५

शिडी माझ्याकडे आहे. याच्याच जोडीला: व्याख्यान रेकॉर्ड करून चॅनेलवर टाकायचं का? जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी टाकावं असं मला वाटतं. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटहून लोक विचारतात.

शटर_सुलतान
मंगळवार, रात्री ९:४०

सरसकट टाकू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा हक्क साधारणपणे काढणाऱ्याकडेच असतो, आणि तो त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं टिकतो. माणूस विश्वासाने आपलं न छापलेलं काम दाखवतो आणि आपण ते जगजाहीर करायचं? पडद्याचे मोबाईलवर फोटो काढणंही बंद केलं पाहिजे. आधी लेखी विचारा. हो म्हणाले तर टाका, आवाज टाका आणि फोटो वगळा असं म्हणाले तर तसं करा.

निगेटिव्ह_काका
मंगळवार, रात्री ९:५५

सुलतान यांच्याशी शंभर टक्के सहमत.

बाराबंदी
बुधवार, सकाळी १०:१०

जरा उशिरा आलो धाग्यावर. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेबद्दल कोणी लिहिलं कसं नाही? संक्रांतीच्या वेळी अख्खं सोलापूर कॅमेरा घेऊन रस्त्यावर असतं. आमच्या घरात नंदीध्वज, म्हणजे देवाच्या उंच काठ्या, पेलण्याची परंपरा आहे, म्हणून तळमळीनं सांगतो. नंदीध्वज कुठल्या वळणावर झुकतो, पेलणारा खांदा कधी बदलतो, अडुसष्ट लिंगांच्या मार्गात गल्ली कुठे अरुंद होते, अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यावर कुठल्या घटकेला काय होतं, हे आधी माहीत असलं तर फोटोवाला मध्ये येणार नाही आणि त्याला फोटोही मिळेल. दरवर्षी कोणीतरी पेलणाऱ्याच्या पायात येतं. जोखमीचं काम आहे हो ते, नजर वर काठीच्या टोकाला असते.

डिसेंबरमध्ये आमच्या वडीलधाऱ्यांपैकी कोणालातरी बोलवा. मी घेऊन येतो.

निगेटिव्ह_काका
बुधवार, सकाळी १०:४०

बाराबंदी यांचं नाव वाचून राहवलं नाही. ती पांढरी बाराबंदी, यात्रेत घालतात तो बंदांचा अंगरखा, हीच मोठी परीक्षा आहे. फ्रेममध्ये सगळीकडे पांढरं असलं की कॅमेऱ्याचा मीटर ते करडं समजून एक्स्पोजर कमी करतो. पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीत एक स्टॉपपर्यंत, म्हणजे दुप्पट उजेडापर्यंत, वाढवायचं, हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघायचा, उजवीकडे आदळू द्यायचा नाही. मीटरवर विश्वास नसेल तर लख्ख उन्हात जुना नियम आहेच, एफ/१६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं, म्हणजे आयएसओ १०० ला १/१००, जवळात जवळ १/१२५. सोलापूरला उन्हाची काय कमी?

कडक_भाकरी
बुधवार, सकाळी ११:०५

आणि होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाचं पण सांगा काका, माझे सगळे फोटो हलतात.

निगेटिव्ह_काका
बुधवार, सकाळी ११:२०

ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११, बल्ब मोडवर, म्हणजे बटण दाबून धरू तेवढा वेळ शटर उघडं, रिमोटने दोन ते पाच सेकंद. बाण वर जाताना उघडायचं, फुटून विझला की बंद करायचं. फोकस आधीच मॅन्युअलवर. वाऱ्याची दिशा बघून उभे राहा, नाहीतर तिसऱ्या बाणानंतर नुसता धूर.

शटर_सुलतान
बुधवार, दुपारी १२:३०

सगळं वाचलं, दोन दिवस विचार केला. मूळ प्रश्नावर येतो. स्थानिक माणसं बोलवा, मनापासून पाठिंबा. पण बाहेरचे बंद करू नका, त्यांना वापरायची पद्धत बदला. वर्षातून बारा जणांना बोलवायच्या ऐवजी दोघांनाच बोलवा, पण दोन दिवस ठेवून घ्या. पहिल्या दिवशी ते बोलतील, तेही काका म्हणतात तसं एका फोटोच्या आगेमागे. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्यासोबत फिरतील, लूमच्या शेडमध्ये, मंगळवार पेठेत, हिप्परग्याला. ते जिथे उभे राहतात तिथे आपण का राहिलो नव्हतो हे तिथल्या तिथे कळेल. दुपारी आपले फोटो त्यांच्यासमोर लावायचे, नावं न सांगता. खर्च बाराच्या मानाने कमीच होईल.

स्वाती_अशोकचौक
बुधवार, दुपारी १२:४१

नावं न सांगता हे फार चांगलं. नवीन मुली फोटो द्यायला घाबरतात ते कमी होईल.

माळरान_मुसाफिर
बुधवार, दुपारी १:३०

सुलतानभाऊ, हे जमलं. फक्त हिप्परग्याला चाळीस जण एकदम नकोत. लहान गट करा.

अनघा_जुळेसोलापूर
बुधवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. मी समितीपुढे हे मांडणार आहे: बाहेरचे दोनच वक्ते, दोन-दोन दिवस. बाकीचे महिने आपली माणसं. आधी लूमवाल्याचे वडील, त्यांच्याच शेडमध्ये. मग लग्नसराई. थंडी सुरू झाली की नान्नजचे मामा, मुसाफिर शेजारी बसतील. डिसेंबरला बाराबंदींकडचे वडीलधारे. लोकांकडे जाण्याविषयी बोलायला स्वाती, तुझ्या ओळखीचे ते गृहस्थ येतील का, आणि अत्तांनाही आणशील का? त्यांनी समोर बसून सांगितलं तर जास्त पोचेल. प्रत्येक वक्त्यानंतर सभासदांनी त्याच विषयावरचे पाच फोटो पुढच्या मीटिंगला आणायचे, आणि पहिली चाळीस मिनिटं त्यावरच. वक्ता गावातला असेल तर तोही परत येईल बघायला.

स्वाती_अशोकचौक
बुधवार, रात्री ९:३०

अत्ता येईल. केस विंचरून येईल. त्या दादांना फोन करते.

लूमवाला_पोरगा
बुधवार, रात्री ९:५०

पप्पांनी हो म्हनले!! पन सुट्टीच्या दिवशी येऊ नका, लूम बंद असतीय, काय दिसनार नाय. कामाच्या दिवशी सकाळी या, उजेड पन तेव्हाच चांगला. एका वेळी सहा जण, जास्त नको, लूमच्या मधी जागा कमी हाय. ओढणी, लोंबणारा पट्टा, सैल बाही असलं काय नको, पट्ट्यात अडकतंय. लेन्स बाहेर गाडीतच लावून या, ३५ नायतर ५० एमएम बस झालं. आवाज लई असतो, म्हणून पप्पा आधी बाहेर बसून सगळं सांगतील, मग आत.

रंगीत_पट
बुधवार, रात्री ९:५८

पहिल्या सहात मी.

पूर्वभागकर
बुधवार, रात्री ९:५९

दोन नंबर माझा बे, लिवून घ्या.

कडक_भाकरी
बुधवार, रात्री १०:०३

तीन. कामगारांना द्यायच्या प्रिंट कोण काढणार? काका, तुमच्या ओळखीच्या लॅबमध्ये ६×८ चा भाव विचारून ठेवाल का?

निगेटिव्ह_काका
गुरुवार, सकाळी ६:४५

विचारतो. प्रत्येक कामगाराचं नाव आणि फ्रेम नंबर शेडमध्येच वहीत लिहून घ्या, नंतर कोणाचा फोटो कोणाला द्यायचा यात गोंधळ होतो. वही मी आणतो.